चौथा रकाना

"शील," धारपुरे सर म्हणाले. "लिहा बाई, चौथ्या रकान्यात. संस्कृत शील, त्यावरून शीलिक, आणि त्यावरून तुमचा तो जर्मन 'झेलिग'."

मी पेनाला टोपण लावले.

"लिहिलंत?"

"नाही, सर."

"का?"

"कारण ते खरं नाही."

खालच्या मजल्यावर दूध संघाचे रिकामे कॅन कुणीतरी फरशीवरून ओढत नेले. तो आवाज थांबेपर्यंत सर माझ्याकडे पाहत राहिले. प्राध्यापक त्रिविक्रम धारपुरे संस्कृतातले मोठे नाव. निवृत्तीनंतर त्यांना आमच्या कोश मंडळाचे संपादक नेमले होते, आणि मी, सिसिलिया परेरा, मुक्काम पोस्ट वसई, त्यांची साहाय्यक संपादक होते. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या एका कुळातल्या भाषा. त्यांना जर्मानिक म्हणतात. त्यांच्या शब्दांचा मराठीत कोश करावा, असे सरकारातल्या कुणाला तरी एका दुपारी वाटले आणि साताऱ्यातल्या दूध संघाच्या इमारतीत आम्हाला वरच्या दोन खोल्या मिळाल्या. अशा कोशाची मागणी महाराष्ट्रात कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. पण मागणी नसलेले काम निष्ठेने करण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे, आणि तीत मला जागा मिळाली याबद्दल माझी तक्रार नव्हती.

तक्रार होती ती चौथ्या रकान्याबद्दल.

आमची प्रत्येक नोंद चार रकान्यांची असे: शब्द, अर्थ, उदाहरण आणि मूळ. पहिले तीन रकाने आम्ही भरायचे, चौथा सरांचा. त्यात ते एरवी स्वतः हिरव्या शाईने लिहीत, आणि हिरवी शाई जिथे जिथे पडे तिथे तिथे संस्कृत उगवे. अख्ख्या युरोपला बोलायला आपण शिकवले, फक्त शिकताना त्या लोकांचे लक्ष नव्हते, अशी सरांची प्रामाणिक समजूत होती.

"खरं नाही?" सर म्हणाले. "झेलिग म्हणजे धन्य, आणि शीलवान माणूस तोच धन्य. ह्याहून स्वच्छ काय असतं?"

"संस्कृतातला श त्या भाषांत ह होऊन येतो, सर. शतम्, हंड्रेड. श्वन् म्हणजे कुत्रा, हाउंड. शृंग, हॉर्न. शीलाला तिकडे कुणी सख्खं नातलग असतं, तर त्याचा शब्द ह-ने सुरू झाला असता. जर्मन तोंडात झ झाला, तरी हा मुळात स-ने होतो."

"नियम पंडितांनी केले, बाई. शब्दांनी ते वाचलेत का?"

"म्हणून वाटेल ते लिहायचं?"

"तुम्ही काय लिहिलं असतंत?"

"अनिश्चित."

"अनिश्चित!" आमटीत खडा लागावा तसा चेहरा करून सर म्हणाले. "अनुदानाचे साहेब दोन वाजता येताहेत आणि त्यांच्यापुढे आम्ही अनिश्चित वाचून दाखवायचं?" त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि हिरव्या शाईत, अत्यंत सुरेख अक्षरात लिहिले: मूळ: सं. शील.

तो शब्द खरोखर मौजेचा होता, म्हणूनच नमुन्यासाठी मी तो निवडला होता. या सगळ्या भाषा एकत्र नांदत होत्या तेव्हा त्याचा अर्थ होता सुखी, भाग्यवान. मग भाषा वेगळ्या झाल्या, आणि प्रत्येकीने तो आपापल्या स्वभावानुसार वापरला. जर्मन माणूस धार्मिक, त्याने त्याचा 'झेलिग' केला: धन्य, पुण्यवान. धन्यता मेल्यावरच पुरती पदरात पडते म्हणून कैलासवासी माणसाच्या नावामागेही तो लावला. स्वीडिश 'सालिग' याच वाटेने गेला. डच माणसाने 'झालिख' जेवणाच्या पानावर आणून ठेवला. त्याला पदार्थ फक्कड जमला की तो झालिख. आणि इंग्रजाने काय केले? त्याच्याकडे सुखी माणूस आधी निष्पाप झाला, मग बापुडा, मग दुबळा आणि शेवटी मूर्ख. तोच आजचा 'सिली'. एका शब्दात चार राष्ट्रांची कुंडली होती, आणि तिच्या तळाशी आता हिरव्या शाईत एक थाप होती, जिच्याखाली साहाय्यक संपादक म्हणून माझे नाव छापले जाणार होते.

"वाद मिटला का?" दारातून भार्गव नाडगौडांनी डोके आत घातले. हे आमचे डच. एका जहाज कंपनीच्या नोकरीत त्यांनी रॉटरडॅमला बरीच वर्षे काढली होती. भाषा ते घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात शिकले, आणि ती त्यांच्या पोटातून कधी वर आली नाही.

"मिटला नाही. संपला," मी म्हणाले.

"नाडगौडा," सर म्हणाले, "तुमच्या उदाहरणातला तो मासा काढा."

"सर, हेरिंग आहे तो! तिकडे शेपटीला धरून, मान वर करून, कच्चा तोंडात सोडतात. झालिख म्हणजे तोच क्षण. दुसरं उदाहरण त्या शब्दाला सोसणार नाही."

"श्रीखंड घाला."

"डच माणसाच्या तोंडात श्रीखंड?"

"साहेब शाकाहारी आहेत, मी चौकशी केली आहे. अनुदान मार्चअखेर संपतंय, नाडगौडा. त्यांची शिफारस गेली नाही तर कोश बंद. मग मासा राहील आणि तुम्ही नसाल."

हे मात्र खरे होते. शिफारस झाली नाही, तर नाडगौडा पेन्शन खात घरी बसणार होते आणि सर आपल्या ग्रंथांत परतणार होते. मी वसईला जाऊन मुलींना 'माझा आवडता सण' लिहायला लावणार होते. मी नन होईन अशी माझ्या वडिलांची अपेक्षा होती. मी संस्कृत घेऊन एम. ए. झाले आणि मग जर्मनकडे वळले. दोन्हींत त्यांना फारसा फरक दिसला नाही. माझ्या संस्कृताबद्दल सरांचे मत 'कामापुरतं आहे' असे होते. त्यांच्या तोंडून ही स्तुतीच समजायची.

श्रीखंड घातले गेले.

बिडवई साहेब आले ते चेहऱ्यावर जेवणानंतरची झोप घेऊनच. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी कंदी पेढा घेतला, खिडकीतून अजिंक्यतारा पाहिला, "वा" म्हणाले आणि खुर्चीत बसून घड्याळाकडे पाहिले. आमच्याकडे नोंद उभे राहून मोठ्याने वाचण्याची पद्धत होती. मी वाचली.

"म्हणजे," बिडवई म्हणाले, "इंग्रज ज्याला मूर्ख म्हणतो, त्याला जर्मन पुण्यवान म्हणतो?"

"शब्द तोच आहे, साहेब. अर्थ वेगळा झालाय."

"आणि डच म्हणतो श्रीखंड."

"श्रीखंडासारखं," नाडगौडा खाली मान घालून म्हणाले.

"मजा आहे." त्यांनी जांभई दाबली. "पण ह्याचा उपयोग काय, मॅडम? वर मला विचारतील. सातारच्या माणसाला स्वीडिश शब्दाचं काय करायचंय?"

माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर होते. ते साधारण पाऊण तासाचे होते. तेवढ्यात सर पुढे सरले आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, अजून मूळ राहिलंय."

त्यांनी शील सांगितले. शीलिक सांगितले. बिडवई साहेबांची झोप उतरताना मी पाहिली. पाय जवळ आले, पाठ सरळ झाली, डोळे उघडले.

"म्हणजे हे आपलंच!"

"आपलंच."

"अहो, मग हे आधी सांगा ना! आता हे वर सांगता येतं. आपलाच शब्द, तिकडे जाऊन ह्या लोकांनी त्याची काय दशा केली, पाहा. धारपुरे सर, तीन वर्षांची शिफारस करतो. एकच करा, प्रत्येक शब्दाखाली असं एक मूळ हवं. एकही जागा रिकामी नको."

"प्रत्येक शब्दाखाली," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

माझा राग थंड असतो. तापणाऱ्या लोकांचा राग मी पाहिलेला आहे. तो लवकर निवतो आणि मग दिलगिरी व्यक्त करत हिंडावे लागते. माझा तसा निवत नाही, आणि तो आला की माझी भाषा फार नम्र होते.

"साहेब," मी म्हणाले, "जर्मन शब्दांचंच कशाला? कोणताही शब्द सांगा. आपण मूळ देऊ."

"कोणताही?"

"आपल्या रोजच्या वापरातला."

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "हॉटेल."

"अट् म्हणजे भटकणं. आलय म्हणजे घर. भटकणाऱ्याचं घर ते अटालय. थंड मुलखात अ म्हणताना तोंडातून वाफ निघते, तिचा झाला ह. हटालय, होटाल, हॉटेल."

"अरे वा!"

"रॉटरडॅम," नाडगौडा न राहवून म्हणाले.

"राष्ट्रधाम."

"अरे देवा!" नाडगौडा म्हणाले. इतकी वर्षे आपण कुठे राहत होतो ते त्यांना आज कळत होते.

"पेन्शन सांगा," बिडवई पुढे वाकून म्हणाले. त्यांनाही दोनच वर्षे उरली होती.

"पण म्हणजे मोबदला. अशन म्हणजे जेवण. जेवणापुरता मोबदला तो पणाशन."

"शंभर टक्के! जेवणापुरताच असतो हो! आणि फाइल? आमची फाइल?"

मी जरा थांबले. सुचत नव्हते म्हणून नव्हे.

"फल आणि इल् धातू. इल् म्हणजे काय ते सर सांगतील."

सर तोपर्यंत गप्प होते. पण धातू विचारला की त्यांना गप्प राहता येत नसे. "इल स्वप्नक्षेपणयोः," ते हळूच म्हणाले. "निजणं आणि फेकणं. पाणिनीय धातुपाठात आहे."

"जिच्यात फळ आधी निजून राहतं," मी म्हणाले, "आणि मग जिच्यातून ते फेकलं जातं, ती फलिला. फाइल."

बिडवई साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. ते आमची थट्टा करत नव्हते. ते मनापासून पटून हसत होते, आणि मला अंदाज नव्हता तो नेमका एवढाच. आरसा समोर धरला तर माणूस दचकेल, असा माझा हिशेब होता; या माणसाने त्यात पाहून भांग पाडला.

"मॅडम, तुम्ही परेरा ना? आणि संस्कृत असं? सर, ह्यांचं नाव तुमच्या बरोबरीनं आलं पाहिजे, मुखपृष्ठावर! मी विश्रामगृहावर आहे. नोंदीची स्वच्छ प्रत पाठवून द्या, शिफारशीला जोडतो." त्यांनी उठताना आणखी एक पेढा घेतला आणि फलिला, फलिला असे पुटपुटत ते जिना उतरले.

जीप सुरू झाल्याचा आवाज येताच नाडगौडांनी टेबलावर तबला वाजवला. "तीन वर्षं! सिसिलियाताई, तुमचे पाय कुठे आहेत? राष्ट्रधाम! घरमालकिणीला पत्र लिहितो आजच."

सर हलले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "ते सगळं खोटं होतं ना?"

"अथपासून इतिपर्यंत."

"पण मला त्यात चूक सापडेना. मी शोधत होतो. अट् बरोबर, आलय बरोबर. इल् तर मी आयुष्यभर शिकवला आणि मला तो एकदाही कुठे वापरता आला नव्हता."

"चूक नाहीच त्यात, सर. व्याकरण निर्दोष आहे. फक्त ते खरं नाही."

त्यांनी मान डोलवली. मग कागद उचलून डोळ्यांजवळ नेला.

"शीलिक सुचायला मला एक अख्खा उन्हाळा लागला होता," ते म्हणाले. "माझ्या मंडळींचं आजारपण चाललं होतं. उशाशी बसून मी तो जुळवला, आणि जुळला तेव्हा त्यांना जागं करून सांगितला. त्या म्हणाल्या, फार छान आहे." त्यांनी कागद खाली ठेवला. "तुम्हाला फाइल सुचेपर्यंत साहेबांचा चहासुद्धा निवला नाही."

अशा वेळी काय बोलावे याचा मी कोणत्याही भाषेत अभ्यास केलेला नव्हता. माझ्या तोंडून जे निघाले ते हे: "राहू द्या, सर. एका शब्दाचं काय एवढं? तीन वर्षं मिळताहेत."

"सकाळी तुम्ही पेनाला टोपण लावलंत."

"सकाळी तीन वर्षं नव्हती."

"सर, आत्ता जाऊ द्या, छापताना दुरुस्त करू," नाडगौडा म्हणाले. "सरकारी कोश कोण उघडून बघतो?"

"मी बघतो," सर म्हणाले. त्यांनी शील या शब्दावर एक रेघ मारली, हिरवी, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी, आणि बाजूला त्याच सुरेख अक्षरात 'अनिश्चित' असे लिहिले. "चला बाई. ही प्रत आपण स्वतः नेऊन देऊ."

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बिडवई साहेब बनियनवर बसून पेपर वाचत होते. आम्हाला पाहून त्यांनी शर्ट घातला आणि खुर्च्या मागवल्या. कागद हातात घेतला, तेव्हा ते अजून हसतच होते.

"हे काय, सर? इथे खाडाखोड आहे."

"दुरुस्ती आहे."

"म्हणजे हे आपलं नाही?"

"ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक नाही?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मॅडम, तुम्हाला तरी?"

"कुणालाच नाही, साहेब. त्या भाषांच्या आत सगळं सांगता येतं. त्यांच्यापलीकडे हा शब्द कुणाचा कोण, ह्यावर अजून वाद आहेत."

"आणि ते हॉटेल? फलिला?"

"ती बाईंनी माझी केलेली थट्टा होती," सर म्हणाले. "तुमची नव्हे. माझी. आणि ती रास्त होती."

बिडवई साहेबांचा चेहरा पडला. मला अजूनही वाटते की त्यांना अपमान झाला म्हणून वाईट वाटले नव्हते. फलिला गेली म्हणून वाटले होते.

"हे पाहा, सर," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मी तुमच्या बाजूचा आहे. तुम्ही शील ठेवा, मी जातो. मी काही पाहिलं नाही, तुम्ही काही खोडलं नाही. पण हे असं नेऊन दिलंत तर वर काय सांगू? 'ठाऊक नाही' ह्या बाबीखाली अनुदान कसं देणार? तसं शीर्षकच नाही आमच्याकडे."

"नसेल," सर म्हणाले. "पण माझ्याकडे आज सकाळपर्यंत असा रकानाही नव्हता. आता झाला."

"शेवटचं विचारतो. दुसरी प्रत देता?"

सरांनी नकारार्थी मान हलवली आणि अनपेक्षितपणे माझ्याकडे वळले. "साहाय्यक संपादकांचं मत घ्या. नाव त्यांचंही आहे."

व्हरांड्याच्या कठड्यावर एक चिमणी काडी घेऊन आली होती आणि ती कुठे ठेवावी याचा तिला निर्णय करता येत नव्हता. वसईच्या मुली आणि त्यांचा आवडता सण माझ्या डोळ्यांपुढून गेले.

"हीच प्रत," मी म्हणाले.

बिडवई साहेब दयाळू होते. त्यांनी नकार दिला नाही. प्रस्ताव विचाराधीन ठेवला. तो आजही विचाराधीन असणार. एप्रिलमध्ये दूध संघाने खोल्या परत घेतल्या आणि तिथे तुपाचे डबे लागले. नोंदींच्या पेट्या टांग्यातून सरांच्या घरी गेल्या. नाडगौडांनी जाताना माझ्याकडून एवढेच मागून घेतले की माझ्या प्रतीत तरी श्रीखंड खोडून हेरिंग परत आणावा. मी आणला.

माझी ट्रंक भरून झाली होती आणि एस. टी. चे तिकीट काढायला मी निघणार होते, तेव्हा माझ्या खोलीच्या दारात सर उभे होते. छत्री, कोट, बगलेत कोरी वही.

"बाई, वसईला जायलाच हवं का?"

"इथं राहून काय करू, सर?"

"शिकवण्या मिळतील. दोन मी पाहून आलोय, वकिलांच्या घरच्या. इंग्रजीच्या आहेत, तुम्हाला आवडणार नाहीत." ते उंबऱ्याबाहेरच थांबले होते. "तिसरी जर्मनची आहे. विद्यार्थी वयस्क आहे आणि फार हट्टी आहे. त्याला ते नियम पहिल्यापासून शिकायचेत. शतम् चं हंड्रेड होतं ते. सगळे."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते छत्रीच्या मुठीकडे पाहत होते.

"त्या विद्यार्थ्याला सांगा," मी म्हणाले, "मला उशीर खपत नाही. आणि हिरवी शाई चालणार नाही."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते वेळेआधी आले. मी त्यांना एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः ट्रंकेवर बसले.

"प चा फ होतो," मी म्हणाले. "पितृ?"

"फादर."

"पाद?"

"फूट."

"पशु? जर्मनमध्ये?"

"ते येत नाही."

"फी. गुरंढोरं. लिहा."

त्यांनी निळ्या शाईने लिहिले. मग पेन थांबले. भुवया वर गेल्या आणि डोळ्यांत अशी चमक आली की मला धडकीच भरली.

"बाई, संस्कृतात स्पश् म्हणजे हेर. त्यांच्याकडे स्पाय. इथं प तसाच राहिला! फ कुठे झाला?"

प्रश्न अचूक होता. त्याचे उत्तरही होते, कारण मागे स असला की प हलत नाही. पण तो धडा बारावा होता आणि आम्ही पहिल्यावर होतो.

"अपवाद पुढच्या महिन्यात," मी म्हणाले. "आधी नियम पाठ करा."